डेटा लॉगर वापरून लॅप टाइम खाली कसा आणायचा: एका वेळी एकच कॉर्नर

डेटा लॉगर (ट्रॅकवर गाडीचा वेग, जागा वगैरे नोंदवणारं यंत्र) घेतला, गाडीत लावला, दिवसभर ट्रॅकवर गाडी पळवली, घरी येऊन फाइल उघडली आणि रंगीबेरंगी रेषा बघून परत बंद केली, असं बऱ्याच जणांचं होतं. कारण लॉगर कसा लावायचा हे सगळे सांगतात, पण ग्राफ कसा वाचायचा हे फारसं कुणी सांगत नाही, आणि सॉफ्टवेअर उघडलं की वीस चॅनल, म्हणजे वेगवेगळ्या मोजमापांच्या रेषा, एकदम अंगावर येतात. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय, काय घ्यायचं, कसं लावायचं आणि मुख्य म्हणजे दोन सेशनच्या, म्हणजे ट्रॅकवर जायच्या दोन पाळ्यांच्या, मधे जो थोडा वेळ मिळतो त्यात डेटातून नेमकं काय काढायचं. माझं ठाम मत आहे की एका सेशनमधून एकच उत्तर घ्यायचं, कुठल्या एका कॉर्नरला सगळ्यात जास्त वेळ जातोय आणि तिथे काय वेगळं करायचं. पाच गोष्टी डोक्यात घेऊन ट्रॅकवर गेलात तर एकही धड होत नाही.

आधी सामान

नुसत्या फोनवर सुरुवात करता येते पण त्याची मर्यादा आधी समजून घ्या. फोनमधला जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो, आणि ताशी १०० किमीला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे दोन नोंदींच्या मधे तुमचा अख्खा ब्रेकिंग पॉइंट गायब. लॅप टाइम ठीकठाक कळेल, कॉर्नरच्या आत काय झालं ते कळणार नाही. १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा नोंदी करणारा, बाहेरचा रिसीव्हर असेल तर तेच अंतर २.८ मीटरवर येतं आणि २५ हर्ट्झला साधारण १.१ मीटर. रेसबॉक्स मिनीसारखा २५ हर्ट्झचा रिसीव्हर ब्लूटूथने फोनला जोडायचा आणि रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटाइमर हे ॲप वापरायचं, एवढ्यावर खूप काम होतं. डॅशवर लावायचा वेगळा डिस्प्ले हवा असेल तर एआयएम सोलो वगैरे आहेत, कार्टवाल्यांकडे मायक्रॉन हा लॉगर असतोच. गोप्रोच्या जीपीएसवर भिस्त ठेवणार असाल तर मॉडेल बघून घ्या, हिरो १२ ब्लॅकमधून त्यांनी जीपीएस काढून टाकला होता आणि १३ मधे परत दिला.

मग ओबीडी, म्हणजे मेकॅनिक ज्याला स्कॅनर लावतो ते गाडीतलं पोर्ट. त्या पोर्टमधून आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), थ्रॉटल, कूलंटचं तापमान वगैरे मिळतं, पण तिथे प्रत्येक गोष्ट एकेक करून मागावी लागते आणि गाडी एकेक करून उत्तर देते, त्यामुळे जितके जास्त चॅनल मागाल तितका प्रत्येकाचा वेग पडतो. साध्या ब्लूटूथ ॲडॅप्टरवर सात-आठ चॅनल लावले की थ्रॉटलची रेषा पायऱ्यापायऱ्यांची दिसायला लागते आणि मग त्यातून काहीच अर्थ काढता येत नाही. दोनच मागा, थ्रॉटल आणि आरपीएम. ब्रेक प्रेशर आणि स्टिअरिंग अँगल ओबीडीच्या स्टँडर्ड यादीत नाहीतच, बऱ्याच नव्या गाड्यांत ते कॅन बसवर (गाडीतल्या कंप्युटरांना जोडणाऱ्या तारांवर) फिरत असतात आणि तिथून वाचायला वेगळं हार्डवेअर लागतं, नाहीतर वेगळे सेन्सर बसवावे लागतात. पण हे सगळं नंतर. स्पीडची एक नीट रेषा वाचता येत नसेल तर बाकीचे चॅनल विकत घेऊन काही होणार नाही.

लावताना एवढं बघा की रिसीव्हरला वरचं आकाश मोकळं दिसलं पाहिजे, म्हणजे छतावर सगळ्यात चांगलं, नाहीतर डॅशबोर्डवर काचेच्या अगदी जवळ. गरम पट्टे असलेल्या किंवा धातूची कोटिंग असलेल्या काचेखाली सिग्नल कमजोर पडू शकतो. आतमधे जी-सेन्सर (वेग वाढताना, ब्रेक मारताना आणि वळताना बसणारा जोर मोजणारा) असतो म्हणून तो हलता कामा नये, पट्टीने लोंबकळत ठेवलेला लॉगर गाडीचे जी नाही मोजत, स्वतःचे हेलकावे मोजतो. गाडी सपाट जागी उभी करून कॅलिब्रेट करा. आणि पिट लेनमधे निघायच्या क्षणी चालू करू नका, चारपाच मिनिटं आधी उघड्यावर चालू ठेवा म्हणजे सॅटेलाइट नीट लॉक होतात. नाहीतर पहिले दोन लॅप कचरा.

अजून एक, काही ट्रॅक डेला टायमिंगला बंदी असते, बहुतेक वेळा विम्याच्या अटीमुळे. तिथे आधी आयोजकाला विचारा, आणि नाही म्हटलं तर नाही.

कागदावरच्या नोंदी

हे कंटाळवाणं वाटतं पण याच्याशिवाय डेटा अर्धाच राहतो. प्रत्येक सेशनला टायरचं थंड आणि गरम प्रेशर, हवेचं तापमान, ट्रॅक ओला की कोरडा, पेट्रोल अंदाजे किती, कुठल्या लॅपला पुढे हळू गाडी आडवी आली, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीतून उतरल्या उतरल्या तुम्हाला कुठे काय जाणवलं ते दोन ओळीत. ग्राफ बघायच्या आधी लिहा. "तिसऱ्या कॉर्नरला पुढचं टोक आत येत नव्हतं" असं लिहिलेलं असेल आणि मग ग्राफमधे तिथेच काहीतरी दिसलं तर जोडणी लागते, आणि तुम्हाला वाटलं तिथे काहीच नाही पण भलत्याच जागी वेळ गेलाय असं दिसलं तर तेही खूप मोलाचं आहे. माणसाला जिथे भीती वाटते तिथे आपण हळू आहोत असं वाटतं, आणि वेळ बऱ्याचदा जातो अशा मधल्या साध्या कॉर्नरला जिथे काही वाटतच नाही.

ग्राफ वाचायला इथून सुरुवात

लॅपची यादी उघडा. आउट लॅप (पिटमधून निघतानाचा), इन लॅप (परत येतानाचा), ट्रॅफिकचे लॅप बाजूला काढा. उरलेल्यात सगळ्यात चांगला लॅप एक, आणि त्याच सेशनमधला दुसरा एक लॅप जो अर्धा-एक सेकंद मागे आहे पण मोकळा होता. हे दोन एकमेकांवर ठेवायचे. सुरुवातीला दुसऱ्या कुणाच्या लॅपशी तुलना करू नका, स्वतःच्याच दोन लॅपमधे खूप काही सापडतं, कारण गाडी तीच, टायर तेच, हवा तीच, फरक फक्त तुम्ही काय केलं त्याचा.

आडवा अक्ष वेळेचा नको, अंतराचा पाहिजे. वेळेवर ग्राफ ठेवला तर एकदा मागे पडल्यावर पुढचं सगळंच सरकतं आणि एकाच जागेची तुलना होत नाही. अंतरावर ठेवला की ८०० मीटर म्हणजे दोन्ही लॅपमधे तोच ब्रेकिंग बोर्ड (कॉर्नरच्या आधी कडेला लावलेली अंतराची पाटी).

आता फक्त दोन रेषा चालू ठेवा, स्पीड आणि डेल्टा. डेल्टा म्हणजे पहिल्या लॅपच्या तुलनेत दुसरा लॅप त्या त्या जागी किती पुढे किंवा मागे आहे. ही रेषा सपाट असेल तर तिथे फरक काही नाही, चढत किंवा उतरत असेल तर तिथे वेळ जातोय किंवा येतोय. आकडा किती आहे याच्याकडे नाही, उताराकडे बघायचं. सगळ्यात तिरका आणि सगळ्यात लांब भाग जिथे असेल तिथे बोट ठेवा आणि मग वर स्पीडची रेषा बघा. काही सॉफ्टवेअरमधे डेल्टा वर गेला म्हणजे मागे, काहींमधे उलट, ते एकदा तपासून घ्या.

एक उदाहरण घेऊ. समजा एका स्ट्रेटच्या (सरळ पट्ट्याच्या) शेवटी ताशी १५० किमीला येताय, मग मध्यम वेगाचा उजवा कॉर्नर, आणि पुढे ४०० मीटरची स्ट्रेट. हळू लॅपमधे तुम्ही दहाएक मीटर उशिरा ब्रेक मारला. डेल्टात दिसतं की ब्रेकिंगमधे ०.०८ सेकंद कमावले. गाडीत बसल्यावर हाच भाग लक्षात राहतो, काय भारी ब्रेक मारला म्हणून. पण पुढे बघा, त्या लॅपमधे सगळ्यात कमी वेग ६४ आहे आणि चांगल्या लॅपमधे ६८, कारण उशिरा मारलेल्या ब्रेकमुळे गाडी बाहेर सरकली आणि तुम्हाला अजून थोडं थांबावं लागलं. कॉर्नरच्या बाहेर येताना ते ०.०८ गेलेच, वर ०.०५ मागे पडलात. आणि मग स्ट्रेट लागते, तिथे तुम्ही काहीच चूक करत नाही, पाय पूर्ण दाबलेला आहे, तरी डेल्टा वाढतच जातो कारण निघतानाच वेग ४ किमीने कमी होता, आणि पुढच्या ब्रेकिंगपर्यंत फरक ०.३ च्या आसपास गेलेला असतो. म्हणजे वेळ दिसला स्ट्रेटवर पण हरवला कॉर्नरच्या तोंडाशी. नुसते सेक्टर टाइम, म्हणजे लॅपचे तुकडे पाडून प्रत्येकाला लागलेला वेळ, बघून हे कधीच कळत नाही.

म्हणूनच सेक्टरच्या रेघा स्वतः टाका. ब्रेकिंग पॉइंटच्या थोडं आधी रेघ टाकली की एक कॉर्नर आणि त्याच्या पुढची स्ट्रेट एकाच सेक्टरमधे येते, आणि कॉर्नरचा खरा हिशोब लागतो. रेघ कॉर्नरच्या मधोमध असेल तर उशिरा ब्रेक मारलेला लॅप एका सेक्टरमधे हिरो दिसतो आणि त्याची किंमत पुढच्या सेक्टरच्या नावावर पडते. सॉफ्टवेअर जो थिअरेटिकल बेस्ट दाखवतं, म्हणजे सगळे चांगले सेक्टर जोडून केलेला लॅप, तोही याच कारणाने फसवा होऊ शकतो, छोटे छोटे तीस सेक्टर केले तर असा लॅप येतो जो कुणालाच मारता येणार नाही. चारपाच मोठे सेक्टर ठेवा, मग तो आकडा कामाचा आहे. तो तुमच्या खऱ्या बेस्टच्या अगदी जवळ असेल तर तुम्ही सातत्याने चालवताय आणि आता काहीतरी वेगळं करून बघायला पाहिजे. सेकंदभर लांब असेल तर नवीन काही शोधू नका, जे जमतंय तेच परत परत जमवा.

स्पीडच्या रेषेचे आकार

थोडे दिवस बघितलं की आकार ओळखता येतात. स्ट्रेटच्या शेवटी रेषेचं टोक धारदार असायला पाहिजे, चढत चढत आली आणि लगेच खाली. तिथे गोल टेकडी दिसत असेल तर ॲक्सिलरेटर सोडून ब्रेकवर पाय जायला वेळ लागतोय, गाडी नुसती घरंगळतेय. हे नवीन ड्रायव्हरमधे जवळजवळ सगळीकडे असतं. ०.३ सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण १५० च्या वेगाला ते १२.५ मीटर आहेत. ब्रेक प्रेशरचा सेन्सर नसला तरी हे लाँगिट्यूडिनल जी (पुढे-मागे बसणारा जोर) मधे स्पष्ट दिसतं, थ्रॉटल सोडल्यावर रेषा शून्याच्या थोडं खाली येऊन एक छोटी पायरी करते आणि मग ब्रेकची खोल दरी सुरू होते. ती पायरी घालवायची. यात धोका वाढत नाही, ब्रेक आहे तिथेच मारायचा, फक्त तिथपर्यंत पाय दाबलेला ठेवायचा, म्हणून मी तर म्हणेन सगळ्यात आधी हेच काम घ्या.

दुसरं, ब्रेकिंगचा उतार. सुरुवातीला हळूच दाबला आणि शेवटी जोरात, असं असेल तर रेषा आधी सपाट आणि नंतर खडी दिसते. पाहिजे उलट, सुरुवातीला पटकन पूर्ण जोर आणि मग कॉर्नरमधे शिरताना हळूहळू सोडत जायचं. हिशोब करून बघा, १५० वरून ७० वर यायला ०.७ जी ने साधारण ९९ मीटर लागतात आणि ०.९ जी ने ७७. म्हणजे २२ मीटर उशिरा ब्रेक मारता येतो. ऐकायला केवढं मोठं वाटतं, पण वेळेत तो फरक सुमारे ०.२ सेकंदाचा आहे. मिळवण्यासारखा नक्कीच आहे, पण एकदम २२ मीटर पुढे जाऊन नाही, तीनचार मीटर करत करत, आणि समोर रनऑफ (गाडी बाहेर गेली तर थांबायला असलेली मोकळी जागा) किती आहे ते बघून.

तिसरं, कॉर्नरचा तळ. तळ लांब सपाट असेल, म्हणजे वेग खाली येऊन बराच वेळ तिथेच रेंगाळला, तर बहुतेक वेळा ब्रेक गरजेपेक्षा जास्त झालाय आणि मग गाडी वाट बघत बसलीये. सगळ्यात कमी वेग ॲपेक्सच्या (कॉर्नरच्या सगळ्यात आतल्या बिंदूच्या) खूप आधी येतोय का तेही बघा. आणि हळू कॉर्नरला तळाचा वेग किती महत्त्वाचा आहे त्याचा साधा हिशोब असा, ६० च्या वेगाला १० मीटर जायला ०.६ सेकंद लागतात आणि १८० ला फक्त ०.२, म्हणजे हळू भागात तुम्ही घड्याळात जास्त वेळ घालवता, आणि तिथला २ किमीचा फरक वेगवान भागातल्या २ किमीपेक्षा कितीतरी मोठा असतो. लोक मात्र टॉप स्पीडचा आकडा आधी बघतात.

चौथं, बाहेर निघताना थ्रॉटल. एकदा दाबला, सोडला, परत दाबला असं दिसलं तर पहिल्यांदा घाई झाली. नंतर दाबा पण दाबल्यावर सोडू नका. वेगवान कॉर्नरमधे स्पीडच्या रेषेत बारीक खाच दिसते, तिथे तुम्ही नकळत पाय उचललाय. अशा ठिकाणी लगेच पूर्ण दाबून बघायची खुमखुमी येते, तसं करू नका, आधी उचलणं कमी करा, मग बघू.

स्टिअरिंगचा चॅनल असेल तर त्याला लॅटरल जी (वळताना बाजूला बसणारा जोर) च्या शेजारी ठेवा. स्टिअरिंग वाढतंय आणि लॅटरल जी वाढत नाहीये म्हणजे पुढच्या टायरची पकड संपलीये, यालाच अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी हात कमी फिरवायचा, जास्त नाही.

जी-जी प्लॉट पण एकदा उघडून बघा. ब्रेकिंग आणि कॉर्नरिंगचे ठिपके एकत्र टाकलेले असतात. नवीन ड्रायव्हरचा प्लॉट अधिकच्या चिन्हासारखा येतो, म्हणजे सरळ ब्रेक, मग ब्रेक पूर्ण सोडून वळण, मधले तिरके कोपरे रिकामे. तिथे टायरची पकड शिल्लक आहे आणि वापरली जात नाहीये. ब्रेक हळूहळू सोडत वळायला लागलात की ते कोपरे भरायला लागतात. रस्त्यावरच्या चांगल्या टायरवर साधारण १ जी च्या आसपास कड दिसते, तुमची कड त्याच्या खूप आत असेल तर गाडीत अजून बरंच आहे.

एका गोष्टीवर मात्र विश्वास ठेवू नका, नकाशावर काढलेली रेसिंग लाइन. जीपीएसची जागा दोन-तीन मीटर सहज इकडे तिकडे होते, आणि ट्रॅक दहा-बारा मीटरच रुंद असतो, त्यामुळे "या लॅपला मी एक मीटर आत होतो" हे नकाशावरून सांगता येत नाही. वेग मात्र जीपीएस डॉप्लरवरून (सॅटेलाइटच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी किती बदलली त्यावरून) काढतो म्हणून तो कितीतरी जास्त भरवशाचा असतो. लाइन बघायची असेल तर व्हिडिओ, कॅमेरा दोन सीटच्या मधे वरती, हात आणि समोरचा रस्ता दोन्ही दिसतील असा.

परत ट्रॅकवर जाताना

आता यातून एकच वाक्य तयार करा आणि ते पायाला किंवा डोळ्याला कळेल असं असू द्या. "पाचव्या कॉर्नरला तळाचा वेग ६८ पाहिजे" हे गाडीत निरुपयोगी आहे, तिथे स्पीडोमीटर बघायला वेळ नसतो. "पाचव्या कॉर्नरला ब्रेक बोर्डच्या थोडा आधी, पण लवकर सोडायला लागायचं" हे करता येतं. पहिले दोन लॅप टायर गरम करा, मग चारपाच लॅप फक्त तेवढंच, बाकी सगळीकडे नेहमीसारखं. लॉगरवर लाइव्ह डेल्टा दिसत असेल तर सुरुवातीला तो झाकून ठेवा असं माझं म्हणणं आहे, आकडा लाल झाला की माणूस पुढच्या कॉर्नरला जास्तीचं काहीतरी करायला जातो. परत आल्यावर तोच कॉर्नर, त्याच दोन रेषा. वेळ मिळाला का, आणि मिळाला तर सगळ्या लॅपला की एकाच. एकाच लॅपला मिळाला असेल तर अजून तो तुमचा झालेला नाही, पुढच्या सेशनलाही तेच.

गाडीत काही बदलणार असाल, टायर प्रेशर, अँटी-रोल बार, डॅम्पर, तर तोही एका वेळी एकच, आणि बदलून बघितल्यावर परत आधीच्या सेटिंगवर येऊन एक सेशन करा. कारण दिवस पुढे जातो तसा ट्रॅक बदलतो आणि तुम्हीही सुधारता, त्याचं श्रेय उगाच नव्या सेटिंगला जातं. स्वतःचे लॅप एकमेकांच्या जवळ येत नाहीत तोवर सेटअपला हात न लावलेला बरा, तुमचाच फरक अर्धा सेकंद असेल तर दोन दशांशाचा फरक त्यात दिसणारच नाही.

मग कधीतरी तुमच्यापेक्षा वेगवान कुणाची फाइल मिळवा, शक्यतो तीच गाडी, तसेच टायर, तोच दिवस. एक सेशन त्यालाच तुमच्या गाडीत बसवता आलं तर सगळ्यात उत्तम. तिथे आकड्यांची नक्कल करायची नाही, आकार बघायचे, तो ब्रेक कधी सोडायला लागतो, थ्रॉटल एकदाच येतो का, कुठल्या कॉर्नरला तो तुमच्यापेक्षा हळू शिरून वेगात बाहेर पडतो.

आणि ऑइल प्रेशरचा सेन्सर लावलेला असेल तर लॅप टाइम बघायच्या आधी ती रेषा बघायची सवय लावा. लांब वेगवान कॉर्नरमधे लॅटरल जी जास्त वेळ टिकला की तेल संपच्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या) एका बाजूला जातं, पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि प्रेशर क्षणभर खाली येतं. डॅशवरचा ऑइलचा दिवा लागेपर्यंत थांबलात तर बेअरिंगचं नुकसान झालेलं असू शकतं. लॅटरल जी आणि ऑइल प्रेशर एकाखाली एक ठेवा, आरपीएम पण शेजारी, कारण आरपीएम पडल्यावर प्रेशर पडणं साहजिक आहे. आरपीएम वर असताना एकाच कॉर्नरला दर लॅपला प्रेशर खाली येत असेल तर त्या दिवशी गाडी परत बाहेर काढू नका, आधी तेलाची पातळी तपासा, आणि पातळी बरोबर असेल तर बॅफल (संपमधे तेल एका बाजूला जाऊ न देणारे पत्रे) बसवल्याशिवाय त्या टायरवर तो कॉर्नर तसा घेऊ नका.